जुन्या सिल्वरॅडोचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना

शेव्हरोले सिल्वरॅडो १५०० या पिकअप ट्रकच्या २००३ ते २००६ या मॉडेलवर्षांतील गाड्या अमेरिकेच्या रस्त्यांवर अजूनही सर्रास दिसतात. इंजिन दणकट, सुटे भाग कुठेही मिळणारे आणि जुन्या बाजारात किंमत आवाक्यातली, म्हणून इथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकीही काहीजण घरकाम, बागकाम किंवा लहानसा व्यवसाय यांसाठी अशी गाडी घेतात. मग एके दिवशी आतला दिवा विझत नाही, दरवाजांची कुलपे आपोआप खटखटतात, डॅशवर ‘सिक्युरिटी’ असा दिवा लागतो आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. शेजारी किंवा गॅरेजवाला म्हणतो, “बीसीएम गेला.” बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आणि हा लेख त्या वाक्यानंतर काय करावे आणि काय करू नये याविषयी आहे. वाचकाला पान्हा हातात धरता येतो आणि मल्टिमीटरवर व्होल्ट मोजता येतात, एवढेच गृहीत धरले आहे.

आधी आपली गाडी याच पिढीतली आहे याची खात्री करून घ्यावी. व्हीआयएन म्हणजे गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो आणि त्यातील दहावे अक्षर मॉडेलवर्ष सांगते. ३, ४, ५ किंवा ६ असेल तर पुढचे सारे तुमच्या गाडीला लागू आहे. दहावे अक्षर ७ असेल तर मात्र जपून, कारण त्या वर्षी कंपनीने जुन्या घडणीची गाडी ‘क्लासिक’ या नावाने आणि नव्या घडणीची गाडी नुसत्या ‘सिल्वरॅडो’ या नावाने अशा दोन्ही विकल्या. नव्या घडणीची विद्युतव्यवस्था अगदी वेगळी आहे. तिची मॉड्यूल, त्यांना जोडणारे वायरींचे जाळे आणि ती प्रोग्राम करण्याची रीत यांचा इथे काही उपयोग नाही.

हे मॉड्यूल करते काय?

भारतात जुन्या टाटा ४०७ च्या बॉनेटखाली डोके घातलेल्या माणसाला प्रत्येक दिव्यामागे एक वायर, एक स्विच आणि फार तर एक रिले असा सरळ हिशेब ठाऊक असतो. सिल्वरॅडोत तसे नाही. दरवाजा उघडला की दरवाजाच्या कुलपातील स्विच फक्त ‘उघडे आहे’ एवढा निरोप देतो आणि आतला दिवा लावायचा की नाही, किती वेळ लावायचा, हे बॉडी कंट्रोल मॉड्यूल ठरवते. आतले दिवे, दरवाजांची कुलपे, आपोआप लागणारे हेडलॅम्प, किल्ली काढल्यावरही काही मिनिटे रेडिओ व खिडक्यांना मिळणारा पुरवठा आणि चोरीविरोधी यंत्रणा ही सारी त्याच्या अखत्यारीतली कामे आहेत.

ही कामे ते एकट्याने करत नाही. इंजिनाचे मॉड्यूल, ब्रेकचे एबीएस मॉड्यूल, एअरबॅगचे मॉड्यूल, डॅशवरचा क्लस्टर म्हणजे सुयांचा आणि दिव्यांचा फलक, रेडिओ, चालकाच्या दरवाजातील मॉड्यूल ही सगळी मंडळी एकाच वायरवरून एकमेकांशी बोलतात. जनरल मोटर्स या पद्धतीला क्लास २ म्हणते. कुणी बोलत नसताना या वायरवर जवळपास शून्य व्होल्ट असतात, निरोप जाताना ते सुमारे ७ व्होल्टपर्यंत चढतात आणि पुन्हा उतरतात. प्रत्येक मॉड्यूलकडून निघालेली वायर डॅशखाली एका जोडणीपाशी येते आणि तिथे कंगव्यासारख्या धातूच्या पट्टीने सगळ्या वायरी एकत्र होतात. ही कंगवापट्टी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

दोष खरोखर मॉड्यूलचाच आहे का?

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे. मॉड्यूलची पेटी बदलायला अर्धा तास पुरतो, पण चुकीची पेटी बदलल्याचा मनस्ताप महिनाभर पुरतो. माझ्या अनुभवात ‘बीसीएम गेला’ असे ज्या गाड्यांविषयी सांगितले गेले, त्यांतील बहुतेक गाड्यांचे मॉड्यूल धडधाकट निघाले. दोष बॅटरीत, अर्थिंगमध्ये, एखाद्या झिजलेल्या स्विचमध्ये किंवा आधीच्या मालकाने कुठेतरी जोडलेल्या वायरीत होता.

सुरुवात बॅटरीपासून करावी. इंजिन बंद असून गाडी काही तास उभी राहिलेली असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. १२.२ च्या खाली असतील तर आधी ती पूर्ण भरून घ्यावी. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज १० च्या बरेच खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिच्या केबली यांचाच संशय घ्यावा. या गाड्यांच्या बॅटरीची टोके बाजूला असतात आणि त्यांच्यावर रबरी टोप्या असतात. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या टोपीच्या आत गंजाची हिरवी पूड साचलेली मी अनेकदा पाहिली आहे. म्हणून बोल्ट सोडून, केबल बाजूला घेऊन, दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांनी पाहावेत.

त्यानंतर फ्यूज. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण फ्यूजच्या यादीत बीसीएम शोधून सापडत नाही. या गाडीच्या मालक-पुस्तिकेत आणि फ्यूजच्या झाकणावर त्याला ‘टीबीसी’ म्हटले आहे, म्हणजे ट्रक बॉडी कंट्रोलर. टीबीसी बॅट, टीबीसी अ‍ॅक्सी, टीबीसी २ए अशा नावांचे अनेक फ्यूज आहेत. काही बॉनेटखालच्या पेटीत आहेत, तर काही डॅशच्या चालकाकडच्या टोकाला, दरवाजा उघडल्यावर दिसणाऱ्या झाकणामागे. फ्यूज काढून उजेडात धरून बघणे पुरेसे नाही. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना टेस्ट लॅम्पचे टोक लावावे. दोन्हीकडे दिवा पेटला तर फ्यूज ठीक आहे, एकीकडेच पेटला तर उडाला आहे आणि कुठेच पेटला नाही तर त्याच्यापर्यंत पुरवठाच येत नाही. काही फ्यूजना किल्ली फिरवल्यावरच पुरवठा मिळतो, म्हणून ही तपासणी किल्ली ‘ऑन’ ठेवून करावी.

आता अर्थिंग, ज्याला इथे सगळे ग्राउंड म्हणतात. बर्फाच्या प्रदेशात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटाखालचे सांधे खाऊन टाकते. चालकाच्या आसनाखाली, फ्रेमच्या पट्टीवर बोल्टने बसवलेल्या अर्थिंगची अवस्था जरूर पाहावी, तसेच इंजिनापासून केबिनच्या पत्र्यापर्यंत गेलेली विणलेली पट्टी तुटलेली नाही ना, तेही पाहावे. इथे ओहम मोजून फसू नये. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी ओहममीटर समाधानकारक आकडा दाखवतो. त्याऐवजी हेडलॅम्प आणि पंखा चालू ठेवून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मॉड्यूलच्या अर्थिंगच्या पिनेला मागच्या बाजूने लावून व्होल्ट मोजावेत. ०.१ व्होल्टपर्यंत आले तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सापडलाच म्हणून समजावे, आणि तो मॉड्यूलमध्ये नाही.

यानंतर लक्षणांकडे वळावे, कारण काही लक्षणे फसवी असतात. किल्ली गाडीत राहिल्याची किंवा दिवे चालू राहिल्याची घंटा वाजत नसेल तर लोक मॉड्यूलला दोष देतात. या वर्षांच्या सिल्वरॅडोत मात्र ती घंटा रेडिओमार्फत, स्पीकरमधून वाजते. आधीच्या मालकाने मूळ रेडिओ काढून बाजारातला स्वस्त रेडिओ योग्य जोडणीविना बसवला असेल तर घंटा गेलेली असणारच. क्लस्टरच्या सुया भलत्याच जागी अडकणे हाही याच वर्षांच्या गाड्यांचा प्रसिद्ध आजार आहे, पण तो सुया फिरवणाऱ्या लहान मोटारींचा आहे, बॉडी मॉड्यूलचा नव्हे. आतला दिवा विझत नसेल तर आधी चारही दरवाजांच्या कुलपांतील स्विच पाहावेत. दरवाजा उघडा ठेवून कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी आणि दिवा विझतो का ते बघावे. एक दरवाजा सोडून बाकी सगळ्यांनी तो विझत असेल तर उत्तर मिळाले. तपासणी झाल्यावर हँडल ओढून जीभ पुन्हा मोकळी करायला विसरू नये, नाहीतर दरवाजा आपटल्यावर कुलूपच वाकते.

गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि ‘सिक्युरिटी’ दिवा लागत असेल तर पासलॉक या चोरीविरोधी यंत्रणेचा संबंध आहे. तिचा सेन्सर किल्लीच्या कुलपाभोवतीच्या घरात असतो आणि त्याच्यापासून तीन बारीक वायरी बॉडी मॉड्यूलकडे जातात. सेन्सर झिजला, बारीक वायर आतून तुटली किंवा दुरून गाडी चालू करण्याचे बाजारातले यंत्र बसवताना कुणी या वायरींत सांधा मारला, तर लक्षण नेमके तेच दिसते. पॅनेल काढल्यावर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला सांधा दिसला तर आधी तोच उलगडावा.

आता स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र. अगदी स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतो, इथे बॉडीचे आणि जाळ्याचे कोड वाचणारा हवा. यू१०६४ या कोडचा अर्थ इतर मॉड्यूलना बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा आवाज ऐकू येत नाही असा आहे, यू१०१६ इंजिनाच्या मॉड्यूलविषयी आहे आणि यू१०९६ क्लस्टरविषयी. यू१०६४ एकटाच असेल आणि तोही वारंवार येत असेल, तर संशय बॉडी मॉड्यूलकडे किंवा त्याच्या पुरवठ्याकडे जातो. अनेक मॉड्यूलचे कोड एकदम आले असतील तर सामायिक वायरच कुणीतरी अडवून धरली आहे असे समजावे. अशा वेळी निदानाच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधील दुसऱ्या पिनेवर व्होल्ट मोजावेत. चौथी व पाचवी पीन अर्थिंगची आहे, सोळावी बॅटरीची आहे आणि दुसरी क्लास २ ची आहे. ती शून्यावर किंवा बारा व्होल्टवर खिळलेली असेल तर डॅशखालची कंगवापट्टी काढावी, म्हणजे सगळी मॉड्यूल एकमेकांपासून सुटी होतात. मग एकेका वायरीवर मीटर लावून जाळे कोण अडवत होते ते शोधता येते. बऱ्याच वेळा तो रेडिओ असतो.

एवढे सगळे निर्दोष निघाले, पुरवठा व अर्थिंग मॉड्यूलच्या पिनेवर चोख मिळाले आणि तरीही मॉड्यूल बोलत नसेल किंवा आज्ञा पाळत नसेल, तरच ते दोषी धरावे. एक पुरावा मात्र थेट मानायला हरकत नाही, तो पाण्याचा. समोरच्या काचेच्या कडेची चिकटण सुटली की पाणी डॅशच्या आतून उतरते आणि या पेटीपर्यंत पोहोचू शकते. माझ्या २००४ च्या गाडीत कनेक्टर ओढला तेव्हा एका पिनेभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी वाढ होती आणि त्या पिनेचा निम्मा धातू कनेक्टरमध्येच राहिला. असे दिसले तर आधी काच बसवणाऱ्याकडे जावे. गळती न थांबवता बसवलेले नवे मॉड्यूलही त्याच वाटेने जाते.

मॉड्यूल निवडणे

बाहेरून अगदी एकसारखी दिसणारी ही मॉड्यूल आतून वेगवेगळी असतात. जुन्या पेटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा भागक्रमांक लिहून घ्यावा आणि तोच, किंवा कंपनीने त्याच्या जागी दिलेला क्रमांक, यांखेरीज दुसरे काही घेऊ नये. भंगारातून घेतलेले मॉड्यूल बरेच स्वस्त पडते, पण त्याच्यात आधीच्या गाडीचा व्हीआयएन आणि तिच्या सोयींची यादी साठवलेली असते. म्हणून विकत घेण्याआधीच, ज्याच्याकडून प्रोग्राम करून घ्यायचे आहे त्याला हे विचारावे: वापरलेले मॉड्यूल तो स्वीकारतो का, आणि त्यावर नवा व्हीआयएन चढवून देतो का. हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. विकणाऱ्याने “लावा आणि चालवा” असे सांगितले, मी लावले, आणि गाडी चालू झाली नाहीच, वर रेडिओवर ‘लॉक्ड’ अशी अक्षरे झळकली. रेडिओला दुसऱ्याच गाडीचा व्हीआयएन ऐकू येत होता आणि आपण चोरीला गेलो आहोत असा त्याचा समज झाला होता.

एका गोष्टीची काळजी करू नये. या गाड्यांत धावलेल्या मैलांचा आकडा क्लस्टरमध्ये असतो, त्यामुळे बॉडी मॉड्यूल बदलल्याने तो बदलत नाही.

काढणे आणि बसवणे

हातमोजाच्या कप्प्याच्या (ग्लव्ह बॉक्सच्या) झाकणावर एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर तीन-तीन अक्षरांचे बरेच संकेत छापलेले असतात. त्यांना आरपीओ कोड म्हणतात आणि कारखान्यातून निघताना गाडीत कोणकोणत्या सोयी बसवल्या होत्या ते त्यांतून कळते. काम सुरू करण्याआधी या पट्टीचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. जुने मॉड्यूल अजून बोलत असेल तर स्कॅनरने त्यातले कोडही वाचून लिहून ठेवावेत.

मग किल्ली काढून घ्यावी, दरवाजा बंद करून गाडीला पंधरा-वीस मिनिटे झोपू द्यावे आणि त्यानंतर बॅटरीच्या ऋण टोकाचा बोल्ट ८ मिलिमीटरच्या पान्ह्याने सोडावा. केबल फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावी, म्हणजे ती उसळून परत टेकणार नाही. स्टिअरिंगजवळ काम आहे आणि तिथून एअरबॅगच्या वायरी जातात, म्हणून बॅटरी सोडल्यावर निदान काही मिनिटे थांबावे, एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठलेली वीज तेवढ्यात निघून जाते. मी दहा मिनिटे थांबतो, चहा होतो. पिवळ्या रंगाचा कोणताही कनेक्टर एअरबॅगचा समजावा आणि त्याला हात लावू नये. या कामासाठी तो काढण्याची गरज नाही.

चालकाच्या गुडघ्यांसमोरचे, स्टिअरिंग कॉलमच्या खालचे पॅनेल ७ मिलिमीटर डोक्याच्या स्क्रूंनी आणि वरच्या बाजूला क्लिपांनी बसवलेले असते. स्क्रू काढून पॅनेल दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढावे. थंडीत हे प्लास्टिक काचेसारखे फुटते, म्हणून गाडी आत घेऊन तासभर ऊबेत ठेवणे शहाणपणाचे. पॅनेल सुटल्यावर एकदम ओढू नये. निदानाचे सॉकेट आणि हँडब्रेक सोडण्याचे हँडल त्याच भागात आहेत, ते अडत असतील तर आधी सोडवून घ्यावेत.

मॉड्यूल स्टिअरिंग कॉलमच्या डावीकडे, डॅशच्या खालच्या भागात असते आणि अनेक वेगवेगळ्या रंगांच्या कनेक्टरांवरून ओळखू येते. कनेक्टर काढण्यापूर्वी फोटो घ्यावेत, एक लांबून आणि दोन-तीन जवळून. त्यानंतर गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा स्वेटर काढतानाही चटचट आवाज येतो. प्रत्येक कनेक्टरला एक अडसर असतो, तो दाबून कनेक्टरचे प्लास्टिक धरून ओढावे, वायर धरून कधीच नाही. इथे सर्वांत जास्त वेळ लागावा असे मला वाटते. प्रत्येक कनेक्टर निघाल्यावर टॉर्चच्या उजेडात त्याच्या आत पाहावे. पीन जिच्यात बसते ती पसरलेली कडी, मागे सरकलेली पीन, हिरवी डागळ, ओल, यांपैकी काही दिसले तर आधी तेच दुरुस्त करावे. संशय असलेल्या कडीत त्याच जाडीची सुटी पीन घालून पाहावी. ती सैल सरकली तर ती कडीच दोषी असण्याची शक्यता मोठी आहे आणि कदाचित मॉड्यूल बदलण्याची गरजच उरत नाही.

जुनी पेटी तिच्या पकडीतून सोडवावी, नवी बसवावी आणि कनेक्टर ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबावेत. आवाज आला नाही तर पुन्हा काढून पाहावे, जोर लावू नये. पॅनेल मात्र आत्ताच परत बसवू नये. प्रोग्रामिंग होऊन सगळे चालेपर्यंत ते मागच्या सीटवर पडलेले बरे.

प्रोग्रामिंग

बॅटरी जोडण्याआधी ती पूर्ण भरलेली आहे याची खात्री करावी. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज घसरले तर काम अर्ध्यातच अडकू शकते. स्थिर पुरवठा देणारा चार्जर लावता आला तर उत्तम, पण ‘बूस्ट’ स्थितीतला गॅरेजचा चार्जर लावू नये. त्याच्या लहरी वीजपुरवठ्याने मॉड्यूल बिघडते.

या पिढीच्या गाड्यांसाठी टेक २ नावाचे निदानयंत्र वापरतात. ते जुने आहे, जड आहे, त्याचा पडदा एकरंगी आहे, पण या कामात त्याला तोड नाही. क्लास २ च्या गाड्यांना त्याचा कँडी नावाचा अडॅप्टर लागत नाही, तो नंतरच्या वर्षांच्या गाड्यांसाठी आहे. टेक २ विकत घेण्याऐवजी अनेक ठिकाणी घरी येऊन प्रोग्राम करून देणारे कारागीर असतात, त्यांना बोलावणे स्वस्त पडते. जुने मॉड्यूल पूर्ण मेलेले असेल आणि गाडी हलतच नसेल तर हाच मार्ग सोयीचा.

यंत्र जोडून किल्ली ‘ऑन’ करावी, बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या विशेष कामांच्या यादीत जाऊन नवे मॉड्यूल बसवण्याचा पर्याय निवडावा आणि यंत्र विचारेल तशी माहिती भरावी: मॉडेलवर्ष, व्हीआयएन आणि सोयींची यादी. ही यादी भरताना आधी घेतलेला हातमोजाच्या कप्प्याचा फोटो समोर ठेवावा. आठवणीवर विसंबून भरलेल्या यादीत एखादी सोय राहून जाते, मग आपोआप लागणारे हेडलॅम्प लागत नाहीत किंवा मागचा वायपरच नसलेल्या गाडीला त्याची सोय दिली जाते आणि माणूस पुन्हा वायरी तपासत बसतो. मॉड्यूलने माहिती स्वीकारली नाही तर घाबरू नये. बहुतेक वेळा एखादा कनेक्टर नीट बसलेला नसतो किंवा यंत्रातले सॉफ्टवेअर जुने असते.

पासलॉकची ओळख

प्रोग्रामिंग झाले तरी गाडी लगेच चालू होणार नाही. नव्या मॉड्यूलला किल्लीच्या घरातील सेन्सरची आणि इंजिनाच्या मॉड्यूलला नव्या मॉड्यूलची ओळख करून द्यावी लागते. या ओळखीला सुमारे तीस मिनिटे लागतात आणि ती घाईने आटोपता येत नाही. त्या काळात पंखा, रेडिओ आणि सगळे दिवे बंद ठेवावेत.

पहिले पाऊल: किल्ली ‘ऑन’ करावी, एकदा स्टार्टर फिरवण्याचा प्रयत्न करून किल्ली ‘ऑन’वरच सोडावी. इंजिन चालू होणार नाही किंवा होऊन बंद पडेल, ते अपेक्षितच आहे. दुसरे: क्लस्टरवरील ‘सिक्युरिटी’ दिवा पाहत बसावे. साधारण दहा मिनिटांनी तो विझतो, तोपर्यंत किल्लीला हात लावू नये. तिसरे: दिवा विझल्यावर किल्ली ‘ऑफ’ करून दहा सेकंद थांबावे. हे सगळे मिळून एक आवर्तन झाले. अशी एकूण तीन आवर्तने करावीत.

तिसऱ्या आवर्तनानंतर एक चूक नवखे लोक हमखास करतात. दिवा विझलेला पाहून ते किल्ली ‘ऑन’वर असतानाच थेट स्टार्टर फिरवतात. मॉड्यूल नवी ओळख शिकते ते किल्ली ‘ऑफ’पासून ‘स्टार्ट’पर्यंत जाताना. म्हणून किल्ली पूर्ण ‘ऑफ’ करून, थोडे थांबून, मगच गाडी चालू करावी. हे चुकले की पुन्हा पहिल्यापासून तीस मिनिटे. मी एका संध्याकाळी हे दोनदा केले आहे, आणि दुसऱ्या वेळी बॅटरीही उतरली.

गाडी चालू राहिली की स्कॅनरने सगळे जुने कोड पुसावेत. रिमोट चालत नसतील तर टेक २ अजून हातात असतानाच तेही पुन्हा शिकवून घ्यावेत, त्यासाठी कारागिराला दुसऱ्यांदा बोलावणे परवडत नाही.

शेवटची तपासणी

आता एकेक सोय प्रत्यक्ष वापरून पाहावी: चारही दरवाजांची कुलपे आत-बाहेरून, आतला दिवा विझणे, किल्ली काढल्यावर दरवाजा उघडेपर्यंत रेडिओ चालू राहणे, डॅशवरच्या प्रकाशसेन्सरवर हात धरून अंधार केल्यावर हेडलॅम्प लागणे, ट्रेलर ओढत असाल तर त्याचे दिवे. त्यानंतर बॅटरीतून गळणारी वीज मोजावी. मीटरची वायर त्याच्या दहा अँपिअरच्या जागेत जोडून मीटर बॅटरीच्या ऋण केबलच्या मध्ये घालावा, दरवाजाची जीभ ढकलून दरवाजा बंद असल्याचा आभास निर्माण करावा आणि अर्धा तास थांबावे. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवू नये, त्याचा फ्यूज उडतो. सुरुवातीला आकडा काही अँपिअर असेल, पण मॉड्यूल एकामागून एक झोपी गेल्यावर तो ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला पाहिजे. तसे झाले नाही तर एकेक फ्यूज काढत आकडा कुठे खाली उतरतो ते बघावे. सगळे जमले की गुडघ्यासमोरचे पॅनेल परत बसवावे, आणि जुने मॉड्यूल त्याच्या पट्टीसह एका खोक्यात ठेवून द्यावे. पुढे कधी कुणी नवे मॉड्यूल चुकीचे भरले असे म्हटले, तर तुलना करायला तेच हाताशी लागते.